अठ्ठावीस जानेवारीच्या आत

शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९७९. रक्कम नऊशे रुपये, पैकी तीनशे आगाऊ पोचलेले. हजर चौघे: आई, मी, माझं धाकटं भावंड आणि त्याची बायको. जागा मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची माडी. दाराला आतून कडी.

नऊशे रुपये ऑपरेशनचे होते. माझं हे भावंड जन्मलं मुलगा म्हणून. शाळेच्या दाखल्यावर मुलगा, रेशन कार्डावर मुलगा. पण कळत्या वयापासून त्याला स्वतःबद्दल जे ठाऊक होतं ते आम्ही कुणी ऐकून घेतलं नाही. १९७३ साली आम्ही त्याचं लग्न लावून दिलं. मुलगी पाहायला मी गेलो होतो, मुहूर्त मी काढून आणला होता, त्यामुळं दोष वाटून घ्यायचा झाला तर माझा वाटा मोठा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यानं बायकोला सगळं खरं सांगितलं. बायको निपाणीकडची. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला "अक्का" म्हणू लागली. त्या बाजूला थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. पुढं आईही अक्का म्हणू लागली, मग माझी बायको. मी सगळ्यांत शेवटी. नावं मी इथं कुणाचीच लिहिणार नाही. अक्काला अक्काच म्हणेन आणि तिच्या बायकोला धाकटी, कारण घरातली ती धाकटी सून.

दोघी कबनूरला एका खोलीत राहायच्या आणि मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. अक्का साडी नेसायची. कारखान्यात पहिले सहा महिने हसणं झालं, मग तिचा हात सगळ्यांत जलद चालतो म्हटल्यावर हसणं थांबलं.

त्या दिवशी माडीवर अक्का म्हणाली, "डाक्टर मिळालाय. शिकलेला हाय. अठ्ठावीस जानेवारीची तारीख दिलीया. तीनशे देऊन आले."

आईनं तोंडाला पदर लावला. "मरशील की गं."

"मरायचं असतं तर कापणाऱ्या दाईकडं गेले असते. आमच्यातली एक गेली की उन्हाळ्यात. सकाळी सुरी लागली, रात्रीपर्यंत रक्त थांबलं न्हाय. म्हणून तर डाक्टर शोधत फिरले दोन वर्सं."

डॉक्टर पाच तासांवरच्या गावचे होते. फेब्रुवारीच्या मध्यावर ते आखाती देशात नोकरीला जाणार होते, त्यामुळं तारीख मागं-पुढं होण्यासारखी नव्हती.

मी म्हणालो, "ठरवलंसच तर उरलेले सहाशे मी देतो." मला वाटलं एवढंच मागायला आल्या असतील.

तेव्हा धाकटी पहिल्यांदा बोलली. "पैशाचं न्हाय, भाऊजी. आत्ती, तुमीबी ऐका. एकदा ते झालं की मूल न्हाय. मला मूल पाहिजे. नवरा नको, दुसरं लगीन नको. मूल पाहिजे, आणि अक्काचंच पाहिजे."

"मग सहा वर्सं काय करत होतासा दोघी?" आई म्हणाली.

अक्कानं खाली बघितलं. "तसं जमत न्हाय, आई. जमणारबी न्हाय. ती मला अक्का म्हणती ते काय उगच न्हाय." मग म्हणाली, "मला पोटात वाढवता येणार न्हाय. ते मला कवाच कळलंय. पण माझं असलेलं एक तरी या जगात असावं असं वाटतंय. अठ्ठावीस जानेवारीच्या आत."

मग तिघी माझ्याकडं बघू लागल्या. का, ते सांगायला हवं. मी तेव्हा एका दूध संघात हिशेबाला होतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं रजिस्टर माझ्या टेबलावर यायचं. जनावराचा नंबर, माजाची म्हणजे गाय फळायला आल्याची तारीख, रेतनाची तारीख, गाभण राहिली की उलटली, म्हणजे रेतन वाया गेलं. वळूचं रेत बारीक नळ्यांत भरून, थंडगार द्रवाच्या टाकीत ठेवून, वर्ष-वर्ष वापरतात हे घरात मीच कौतुकानं सांगितलेलं. वळू आणि गाय एकमेकांना बघतसुद्धा नाहीत, हे माझंच वाक्य. ते अक्कानं मनात ठेवलं होतं.

मी म्हणालो, "बघतो." त्या एका शब्दानं पुढची सगळी चूक सुरू झाली.

हातात एकशे आठ दिवस होते. डॉक्टरकडं जावं असं त्या वेळी मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण कोल्हापुरात कुठल्या दवाखान्यात जाऊन काय तोंडानं सांगायचं? माझ्या बायकोला सांगावं तर तिचं माहेर पलीकडच्या गल्लीत. म्हणून आई आणि मी दोघांनीच ठरवलं की ही गोष्ट चौघांतच ठेवायची. धाकटीची पाळी वीस ऑक्टोबरला आली. आईचं म्हणणं, पाचव्या दिवशी न्हाणं झालं की कूस मोकळी असते. माझ्या रजिस्टरातही गाईला रक्त दिसतं ते माजाच्या लगोलग दिसतं, म्हणून रक्ताजवळचे दिवस फळायचे असं मी धरलं. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं, आणि दोन बाजूंनी एकच उत्तर आलं की बरोबर असतं अशी मला नोकरीत सवय. मी चोवीस ऑक्टोबर ही तारीख काढली.

औषधाच्या दुकानातून काचेची मोठी सिरिंज आणली, सुईशिवाय. दुकानदारानं विचारलं, मी म्हणालो, म्हशीच्या सडासाठी. आईनं ती उकळून घेतली. बायकोला मी मुलांसह माहेरी पाठवलं होतं. अक्का आणि धाकटी दुपारच्या एसटीनं आल्या. गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसणारे एक म्हातारे होते, ते मोठ्यानं ओरडले, "काय रं, तुमच्या आईला आता दोन-दोन सुना झाल्या म्हण की!"

अक्का चालता चालता म्हणाली, "तिसरी तुमच्या घरात देऊ का मामा? काकू दमल्यात आता."

कट्ट्यावरचे सगळे हसले, म्हातारेही हसले. घरात आल्यावर मात्र अक्कानं दाराला कडी लावली आणि ती दोनदा ओढून पाहिली. जे काय करायचं ते आईनं केलं. मी खाली सोप्यात बसून होतो. घड्याळात पावणेपाच ते सव्वापाच.

सतरा नोव्हेंबरला पाळी आली. एकवीस नोव्हेंबरला पुन्हा तेच. पंधरा डिसेंबरला पुन्हा पाळी आली. त्या दिवशी घरी निरोप घेऊन धाकटी एकटी आली आणि परसात तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. माझी बायको तिच्या मागं गेली. अर्ध्या तासानं दोघी आत आल्या तेव्हा माझ्या बायकोचा चेहरा असा होता की आई उठून देवघरात गेली.

"पाचवा दिवस कुणी काढला?" बायको म्हणाली.

मी सांगितलं.

"दोन पोरं झाली तुम्हाला माझ्यापासून. मला एका शब्दानं विचारावं वाटलं न्हाय? म्हशीच्या वहीत बघून तारीख काढलीसा? मला नर्सबाईनं लिहून दिलेलं होतं, धाकट्याच्या वेळी, कुठले दिवस सोडायचे ते. ते दिवस मधले असतात. मधले!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "दोन महिनं घालवलंसा तिचे. दोन महिनं."

सगळी मिळून अठ्ठावीस जानेवारीच्या आत चार संधी होत्या, त्यांतल्या दोन मी रजिस्टर बघून वाया घालवल्या होत्या.

अठरा डिसेंबरला आम्ही एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांचं प्रसूतिगृह होतं आणि माझी दोन्ही मुलं तिथंच झाली होती. बायकोनं आधी जाऊन एकटीनं सगळं सांगून ठेवलं होतं. बाईंनी आम्हाला बसवलं, अक्काकडं एकदा पाहिलं, धाकटीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ही सोडून बाकीचे सगळे बाहेर."

आम्ही बाकावर बसलो. बारा मिनिटं दार बंद होतं. अक्का पदराचं टोक दातात धरून बसली होती. दार उघडल्यावर बाई म्हणाल्या, "मी तिला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, कुणाच्या दबावानं करतेस का म्हणून. तिसऱ्यांदा माझ्यावरच चिडली. तेव्हा तिचं मन आहे असं मी धरते. आता हिचं बघू." अक्काला त्या "हिचं" म्हणाल्या हे अक्काच्या लक्षात आलं, ती सरळ बसली.

तपासणीला द्यायचं ते द्यायला अक्काला फार वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती कुणाकडं बघत नव्हती. बाईंनी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आधी एकदा, मग काच बदलून पुन्हा.

"काही औषध घेतेस?"

अक्कानं पदर सारखा केला.

"हे बघ, यात हलणारं मला एकही दिसत नाही. न हलणारेही मोजकेच. काय घेतेस?"

अक्कानं ब्लाउजमधून रुमाल काढला आणि रुमालातून गोळ्यांचं पाकीट. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या होत्या. कबनूरच्या बायकांना फुकट मिळायच्या, त्या घ्यायच्या नाहीत, अक्काला द्यायच्या.

"रोज किती?"

"दोन. सव्वादोन वर्सं झाली. यानं अंग भरतं, दाढी कमी येती."

"आणि बीजही थांबतं," बाई म्हणाल्या. "तारीख बरोबर असती तरी काही झालं नसतं. आजपासून गोळ्या बंद. नवीन तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. तेवढ्यानं होईलच असंही मी लिहून देणार नाही. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही."

"अठ्ठावीस जानेवारीला ऑपरेशन हाय," अक्का म्हणाली.

"त्यानंतर विषय संपला. कायमचा."

मी तेव्हा नळ्यांचं विचारलं. आमच्याकडं वळूचं ठेवतात, तसं माणसाचं नाही का ठेवता येत? बाई म्हणाल्या, "बाहेरच्या देशांत ठेवतात असं वाचलंय. इथं कोल्हापुरात टाकी तुमच्या संघात आहे, आणि त्यात हात घालायला मी तुम्हाला सांगणार नाही. शिवाय ठेवणार काय? ठेवायला आज काही नाही."

नव्वद दिवस. ऐंशी साल लीप वर्ष, म्हणजे अठरा डिसेंबरपासून सतरा मार्च. डॉक्टर जाणार फेब्रुवारीच्या मध्यावर. दोन्ही जुळत नव्हतं. रस्त्यावर आल्या आल्या मी हे तिला सांगितलं.

"कळतंय की मला. मीबी कांड्या मोजते," अक्का म्हणाली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "ठेव तुझ्याजवळ. माझ्याजवळ राहिलं तर खाईन."

ते पाकीट मी ऑफिसच्या खणात, रजिस्टराच्या खाली ठेवलं. सतरा गोळ्या शिल्लक होत्या.

त्यानंतरच्या चाळीस दिवसांत मी कबनूरला पाच वेळा गेलो. अक्कानं काय ठरवलंय ते कळत नव्हतं. ऑपरेशन रद्द केलं नव्हतं आणि गोळ्याही घेत नव्हती. तिसऱ्या आठवड्यापासून हनुवटीखाली दाट खुंट दिसू लागले. ती पहाटे उठून दाढी करायची आणि त्यावर हळद लावायची. कारखान्यातल्या एका नव्या मुकादमानं तिला पदर खाली घ्यायला लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आता बाप्यांच्या रांगेत बस." ती उठून मशीन बदलून बसली आणि तासाला भरायच्या तेवढ्याच कांड्या भरल्या. हे मला धाकटीनं सांगितलं. अक्कानं नाही.

"भाऊजी, तिला म्हणावं जा," धाकटी मला बाहेर घेऊन म्हणाली. "मला नको मूल. रोज ती आरशापुढं उभी राहती आणि आरसा पालथा घालती. मला न्हाय बघवत."

मी अक्काला तेच सांगितलं. माझं गणित सोपं होतं. मूल होण्याची खात्री नाही. हा डॉक्टर गेला तर दुसरा मिळण्याची खात्री नाही. दुसरा नाही मिळाला तर दाई, आणि दाईकडं काय होतं ते तिनंच सांगितलेलं. एका बाजूला न आलेलं मूल, दुसऱ्या बाजूला ती. मी म्हणालो, "मला तू पाहिजेस."

"बघू," अक्का म्हणाली.

रविवार, सत्तावीस जानेवारी. कोल्हापूर स्टँडवर सकाळी सव्वानऊला आम्ही तिघं होतो. खिशात सहाशे रुपये आणि तीन तिकिटं. अक्कानं पहाटे घाईनं दाढी केली होती, डाव्या गालाला कापलेलं होतं आणि पदर नाकापर्यंत ओढलेला. गाडी साडेनऊची. आम्ही चढलो, खिडकीजवळच्या जागा मिळाल्या. समोरच्या बाकावर एक बाई तान्हं घेऊन बसली होती. अक्कानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी लक्ष ठेवून होतो. ती आपल्या हातांकडं बघत होती.

ड्रायव्हर चढला. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली. गाडी मागं यायला लागली आणि अक्का उठली.

"थांबवा."

"काय झालं, पावणं?" कंडक्टर म्हणाला. "इसरलासा काय?"

"थांबवा म्हणते न्हवं!"

ती उतरली. मागोमाग धाकटी, मग बॅग घेऊन मी. कंडक्टर शिव्या देत होता. फलाटावर मी तिचा दंड धरला. इतक्या जोरात मी तिला तिच्या आयुष्यात कधी धरलं नव्हतं. "चढ," मी म्हणालो. "अजून गाडी उभी आहे. चढ अक्का."

"चाळीस दिवस हे तोंड घेऊन मी कारखान्यात गेले, दादा. चाळीस. ते फुकट घालवू?"

"डॉक्टर जाईल."

"जाऊ दे. परत येईल."

"नाही आला तर?"

"तर तवाचं तवा. दाईकडं मी जाणार न्हाय, हे घे, हिची शपथ," असं म्हणून तिनं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "मूल झालं तरी न्हाय, न्हाय झालं तरी न्हाय. आता हात सोड, लोक बघत्यात."

गाडी सुटली. धाकटी बॅगेवर बसून रडत होती. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या रात्री मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. दहा दिवसांनी कार्ड आलं, दोन ओळींचं. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. आपण पुन्हा या देशात काम सुरू केलं तर ती जमा धरली जाईल. मी कार्ड ठेवून दिलं. त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

अठरा मार्चला, नव्वदच्या वर एक दिवस घालून, पुन्हा तपासणी. बाई बराच वेळ वाकून बघत होत्या. अक्का भिंतीला टेकून उभी. शेवटी बाईंनी मला बोलावलं. "या, तुम्हाला आकड्यांची हौस आहे ना."

मी डोळा लावला. वळूचं मी पाहिलेलं होतं, तिथं नुसती गर्दी असते. इथं बरीचशी जागा रिकामी होती. पण एका कोपऱ्यातून एक सरकत गेला, मग आणखी दोन. मी मोजायला लागलो.

"मोजू नका," बाई म्हणाल्या. "भरपूर नाहीत. प्रयत्न करण्याइतके आहेत."

अक्का खाली बसली. तिथंच, फरशीवर.

वीस आणि बावीस मार्चला बाईंनी स्वतः केलं. पाच एप्रिलला पाळी आली. कबनूरहून आलेली चिठ्ठी वाचताना माझ्या मनात रजिस्टरातला शब्द आला, उलटली, आणि मला माझीच लाज वाटली. सतरा आणि एकोणीस एप्रिलला पुन्हा. आता दाढीचे चार महिने झाले होते. बाईंनी सांगितलं होतं, मेपर्यंत बघू, त्यापुढं गोळ्या बंद ठेवायला मी सांगणार नाही. तीन मे ही पाळीची तारीख होती. तीनला काही कळलं नाही. चारला नाही. मी चिठ्ठीची वाट बघत होतो आणि चिठ्ठी येऊ नये असंही वाटत होतं.

नऊ मेला सकाळी संघाच्या गेटवरचा पहारेकरी माझ्या टेबलाजवळ आला. "सायेब, तुमच्याकडं कुणी बाई आल्यात. बाई म्हणजे... तसल्या." तो हसू दाबत होता. अक्का माझ्या ऑफिसात कधी आली नव्हती. मला लोक काय म्हणतील म्हणून ती येत नसे, आणि मीही कधी ये म्हणालो नव्हतो. काहीतरी वाईट झालंय असं धरून मी जिना उतरलो. दुधाचे कॅन उतरवणारी माणसं काम थांबवून बघत होती. अक्का गेटच्या आत, उन्हात उभी.

"काय झालं?"

"सहा दिवस वर गेलेत," ती हळू म्हणाली. मग तिच्यानं राहवलं नाही, कॅनवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सहा दिवस, दादा! आणि तिला चहाचा वास सोसना झालाय!"

मी तिला घेऊन वर गेलो, सगळ्यांच्या समोरून, आणि माझ्या खुर्चीजवळ बसवलं. पहारेकऱ्याला म्हणालो, "माझी बहीण आहे. चहा सांग." खणातून पाकीट काढलं. सतरा गोळ्या. ती म्हणाली, "अजून न्हाय. डाक्टरीण म्हणल तवा." ते पाकीट तिनं नेलं ते पुढच्या महिन्यात, बाईंनी हातानं तपासून खात्री दिल्यावर.

सातव्या महिन्यात आईनं ओटी भरली. पाहुणे नव्हते, घरातलीच माणसं. आईनं धाकटीच्या पदरात पाच ओंजळी तांदूळ घातले, नारळ ठेवला. मग तशीच बसून राहिली. ताटात तांदूळ उरले होते. तिनं अक्काकडं पाहिलं आणि म्हणाली, "पदर कर."

"मला कशाला, आई?"

"पदर कर म्हणते."

पाच ओंजळी. पाचवी पुरी भरली नाही, तांदूळ कमी पडले. माझी बायको आत जाऊन डब्यातले घेऊन आली.

मुलगी आठ जानेवारी १९८१ ला झाली. वजन पाच पौंड चौदा औंस. नगरपालिकेत नोंद करायला मी गेलो. वडिलांचं नाव म्हणून अक्काचं शाळेतलं नाव द्यावं लागलं. मी आदल्या दिवशी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "दे. कागदावर पोरीला कुणी अडवायला नको. घरात ती मला अक्काच म्हणंल." घरात ती तसंच म्हणते.

ऑपरेशनचं मात्र राहिलं. अक्काच्या ओळखीच्या दोघी-तिघी येऊन सांगून गेल्या की दाई आता चांगली मिळते, भीती नाही. अक्का प्रत्येक वेळी धाकटीच्या डोक्याकडं बोट दाखवायची आणि त्यांना हसायला यायचं. पण रात्री झोपत नाही असं धाकटी सांगायची. मी त्या डॉक्टरांच्या जुन्या पत्त्यावर दर सहा महिन्यांनी एक कार्ड टाकत गेलो. पाच कार्डांना उत्तर नाही. सहावं १९८३ च्या ऑगस्टमध्ये टाकलं, त्याला आलं. परत आलोय, दर आता बाराशे, आगाऊ तीनशे जमा आहेत, या.

सोमवारी, एकवीस नोव्हेंबरला अक्काला आत नेलं. आम्ही तिघं बाहेर: मी, धाकटी आणि तीन वर्षांची होत आलेली मुलगी. तीन तास चाळीस मिनिटं. दोनदा एक नर्स रक्ताच्या बाटलीसाठी धावत गेली आणि कुणाला काय झालंय ते सांगेना. धाकटी त्या वेळात माझ्याशी एकच वाक्य बोलली: "माझ्या डोक्यावरच्या शपथेनं ती दाईपासून वाचली, भाऊजी, आणि मीच तिला इथं आणलं." मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रक्त थांबलं आहे.

नवव्या दिवशी, मंगळवार, एकोणतीस नोव्हेंबरला तिला घरी सोडलं. नऊशे रुपये मी घेऊन आलो होतो, पण धाकटीनं माझा हात मागं सारला. तिनं कमरेची पिशवी सोडली. दोघींनी कांड्या भरून तीन वर्षांत साठवलेले होते, दहा-दहाच्या आणि पाच-पाचच्या नोटा. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं त्या दोनदा मोजल्या, दुसऱ्यांदा मीही त्याच्याबरोबर मोजल्या. बरोबर होत्या. डॉक्टरांना नऊशे, धाकटीच्या हातून. आणि स्टँडवर मुलीनं अक्काच्या मांडीवर बसून हट्ट धरला म्हणून केळेवाल्याला सव्वा रुपया, माझ्याकडून.